साडेपाचचं पान

आमच्या तलावाच्या नहराला शेतांत पाणी काढायची अकरा तोंडं होती आणि त्या अकरा तोंडांचे अकरा मालक. करडीहून आमच्या गावाकडे यायला लागलं की डाव्या हाताला तलावाचा बांध दिसतो, त्याखाली चाळीसेक एकर धान. मी गावच्या हायस्कुलात क्लार्क होतो आणि बारा वर्षं पाणी वाटप संस्थेचा सचिव. दिवसा पोरांचे दाखले लिहायचे आणि संध्याकाळी थोरांचे, फक्त ते मनात. पाण्याच्या बाबतीत कोण किती खरा, कोणाचं तोंड चुकून उघडं राहतं आणि कोणाचं मुद्दाम, सगळं माझ्याकडे टिपलेलं होतं. कागदावर टिपलं असतं तर गाव सोडावं लागलं असतं.

पाणी वाटायचं काम आनंदरावांचं. आमच्याकडे अशा माणसाला पाणकर म्हणतात. त्यांच्या आधी त्यांचे वडील पाणकर होते. आनंदराव संध्याकाळी खांद्यावर फावडं टाकून निघायचे, ज्याची उद्या बारी, म्हणजे पाण्याची पाळी, त्याच्या अंगणासमोर उभे राहायचे आणि फावड्याच्या पात्यावर गोटा मारायचे. दोनदा. नाव नाही, हाक नाही. ठण् ठण् झालं की घरातला माणूस जेवता जेवता "हाव जी" म्हणायचा, की संपलं. पोटात मळमळतंय, पाहुणे आलेत, मी ऐकलंच नाही, असली कारणं दुसऱ्या दिवशी चालत नसत. "तू नाई आयकलं, पन तुह्या कुत्र्यानं आयकलं. त्याले विचार," असं म्हणून ते पुढच्या तोंडाकडे चालू लागत.

आता गावात पाइपलाइन आली, मीटर आले. पण सायंकाळी कुठे लोखंडावर काही वाजलं की अजून माझा हात ताटात थांबतो.

सन दोन हजार चौदाच्या उन्हाळ्यात आनंदरावांचे गुडघे गेले. नागपूरच्या डॉक्टरनं चालायला मनाई केली. त्यांच्या जागी कोणी यायला तयार नव्हतं. अकरा घरांत मिळून चौदा जवान पोरं होती. नऊ नागपूरला, तिघं पुण्याला, आणि जी दोन गावात होती ती न राहिलेली बरी. संस्थेचे अध्यक्ष सेवकराम यांनी बैठक घेतली, चहा झाला, सुपारी झाली, आणि निर्णय नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात पडला.

तेव्हा माझी भाची तेजस्विनी मदतीला आली. ती नागपुरात एका कंपनीत वेबसाइटच्या आतली कामं करायची. म्हणजे जी कामं पडद्यावर दिसत नाहीत, ती. म्हणाली, "मामाजी, हे तर सोपं आहे. ठरलेल्या वेळेला ठरलेलं काम. आम्ही दिवसभर तेच तर करत असतो." दोन दिवसांच्या सुटीत ती आली, ओसरीत लॅपटॉप मांडला आणि आनंदरावांना खुर्चीवर बसवून नियम विचारू लागली.

"काका, बारी किती वाजता बदलते?"

"किती वाजता म्हंजे? पानी पुरलं का बदलते."

"पुरलं हे कसं कळतं?"

"पाहून."

"कॉम्प्युटरला डोळे नाहीत, काका."

"मंग त्याले कायले लावून राहिली या कामाले?"

तेजस्विनी हसली, पण तिनं सोडलं नाही. दुपारपर्यंत तिनं त्यांच्याकडून सकाळी सात ते संध्याकाळी सहा एवढी वेळ काढून घेतली. ती वेळ देताना आनंदरावांचा चेहरा एकुलती एक गाय बाजारात नेणाऱ्या माणसासारखा झाला होता. मग क्रम. चांगल्या सालात तलावाजवळच्या पहिल्या तोंडापासून सुरुवात, कमी पाण्याच्या सालात उलटी, शेवटच्या तोंडापासून.

"उलटी का?" तिनं विचारलं.

"वरचा मानूस पयले घेतो म्हनला तं खालच्याचं उरत नाई. खालचा पयले घेतो म्हनला तं वरच्याले जागं राहा लागते, का बाप्पा माहं उरते का नाई. मंग तोच पान्याची राखन करते. फुकट."

हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पहिलं तोंड माझं. कमी पाण्याच्या सालात मी अकरावा. शेवटचं तोंड शकुनबाईचं. नवरा गेल्यावर धानाच्या दोन बांध्या, म्हणजे खाचरं, एकटीनं करायची आणि अख्ख्या गावाला पुरून उरायची.

तेजस्विनीनं सगळं लिहून घेतलं आणि समजावलं. प्रोग्रामच्या आत एक यादी असते. कोणतं काम, कधी, किती दिवसांनी. रोज पहाटे पाच वाजता आज कोणाची बारी ते काढायचं आणि त्याच्या मोबाइलवर मेसेज टाकायचा. दर सोमवारी मी तलावात किती फूट पाणी आहे ते भरलं की ते कमिटीला कळवायचं. कोणी सांगायला नको, आठवण द्यायला नको. आतल्या आत चालूच.

"म्हंजे मी," आनंदराव म्हणाले.

"हो काका. तुम्हीच."

"गुडघे सोडून," असं म्हणून ते उठायला लागले, आणि ते उठेपर्यंत आमचा चहा निवला.

आता माझा भाग. असा प्रोग्राम ठेवायला इंटरनेटवर जागा भाड्यानं घ्यावी लागते. तेजस्विनीनं दोन जागा दाखवल्या. महागड्या जागेत घड्याळाची सोय होती; म्हणजे वेळ झाली की ते प्रोग्रामला आपोआप उठवणार. स्वस्त जागेत घड्याळ नव्हतं. मी म्हणालो, "घड्याळ तर गावात घरोघरी आहे. ते कशाला विकत घ्यायचं?" कमिटी हसली आणि स्वस्त जागा पास झाली. माझ्या आयुष्यात माझ्या विनोदावर कमिटी एकदाच हसली, ती तेव्हा.

तेजस्विनीनं कपाळावर हात मारला, पण मार्ग काढला. "मामाजी, मग असं करते. गावातल्या कोणीही आपलं पान उघडलं की प्रोग्राम जागा होईल. यादी पाहील, काय राहिलं आहे ते करून टाकील, मग पान दाखवील. उघडणाऱ्याला कळणारही नाही. अकरा लोकं आहेत, रोज सकाळी एक जण तर उघडेलच ना?"

त्या अकराही जणांचा स्वभाव मला तोंडपाठ होता. तरी मी मान हलवली.

पहिलं साल इतकं सुरळीत गेलं की आम्ही फुगलो. रोज सकाळी मेसेज. सेवकराम तर इतर गावांच्या लोकांना मोबाइल काढून दाखवायचे, जणू प्रोग्राम त्यांनीच नांगरून पेरला होता. मेसेज पाचचा ठरला होता आणि यायचा साडेपाचच्या सुमारास, हे कोणी मनावर घेतलं नाही. आमच्याकडे अर्धा तास उशीर हा उशीर नसतो.

आनंदराव मात्र या नव्या पाणकराकडे संशयानंच पाहायचे. कधी सकाळी त्यांच्या घरावरून गेलो तर ते अंगणात बाजेवर बसलेले, हातात बटणांचा, पण नेट चालणारा छोटा मोबाइल, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी विचारलं, "काय पाहून राहिले?" तर म्हणायचे, "काई नाई. पोट्टीचा कॉम्प्युटर चुकते का, ते पाहून राहिलो." त्यांच्या बायकोचं, विमलाबाईचं, म्हणणं होतं की एखादे दिवशी तो चुकला असता तर ह्यांना बेसनाचे लाडू केल्यावर झाला नसता एवढा आनंद झाला असता. पण तो चुकला नाही.

दुसऱ्या साली, दोन हजार पंधराला, पावसानं सप्टेंबरातच हात आखडता घेतला. दसऱ्याला तलावात तुडुमाच्या, म्हणजे पाणी सोडायच्या तोंडाच्या, वर साडेचार फूट पाणी. उशिरा येणारं भारी धान नुकतं निसवलेलं. लोंबीत दूध भरायचा तो आठवडा असतो. त्या दिवसांत पायाशी ओल मिळाली तर दाणा, नाही तर पोचट. आम्ही मोजलं, अकरा बाऱ्यांपुरतं पाणी आहे. एकेक दिवस प्रत्येकाला, उलट्या क्रमानं. पहिली शकुनबाई. तिच्या बांध्या सगळ्यात शेवटी आणि उंचवट्यावर. तिच्या जमिनीला आधीच भेगा पडल्या होत्या. तिचं सालभराचं पोट त्या एका बारीवर होतं, हे अकराही जणांना ठाऊक होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी मी आणि दुसऱ्या तोंडाचे पुंडलिकराव आम्ही दोघांनी तुडूम उघडलं. पाणी नहरात पडलं. मला वाटलं, शकुनबाईला मेसेज गेलाच असेल. शाळेला सुट्या. मी घरी जाऊन झोपलो.

शनिवार गेला, रविवार गेला. रविवारी संध्याकाळी मी सहज शेताकडे गेलो तर माझ्या बांधीत चार बोटं पाणी. माझं तोंड उघडं होतं. मी ते उघडलं नव्हतं. बंदही केलं नव्हतं. पुंडलिकरावांच्या बांधीत सहा बोटं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि डासांविषयी बोललो.

सोमवारी सकाळी मी पाण्याचे फूट भरायला शाळेत कॉम्प्युटरसमोर बसलो होतो. साडेआठ वाजले असतील. दारात शकुनबाई.

"बाबूजी, माही बारी कदी हाय?"

"शुक्रवारी झाली की तुमची."

"शुक्रवारी? मी तीन दिवस झाले मोबाइल हातात घेऊन बसली हाव. न्हाले गेली तं पोरीजवळ देऊन गेली. मेसेज नाई आला. नहरात पानी सुटलं हे माईत हाय, पन माह्या तोंडापरेंत थेंब नाई. वर सगळ्यायचे तोंडं उघडे हायेत."

"मग तुम्ही आलात का नाही सांगायला?"

"बारी आल्याबिगर कशी येऊ? उद्या तुमीच म्हनान, शकुनबाईनं बारीच्या आंदी पानी मांगतलं."

मी पान उघडलं. नेट हळू होतं. पांढरा पडदा, मग अर्धं चित्र, मग सगळं. तिचं नाव, शुक्रवार, मेसेज पाठवला असं हिरव्या अक्षरांत. मी पडदा तिच्याकडे वळवला. "हे पाहा. पाठवलेला आहे."

त्याच क्षणी तिच्या हातातला मोबाइल थरथरला.

तिनं तो पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. "तुमी हात लावला का आला. मंग तीन दिवस हात काहून नाई लावला, बाबूजी?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. सेवकराम. त्यांचं तोंड शेवटून दुसरं. "बाबूजी, मेसेज आला, माही बारी." पाठोपाठ शेवटून तिसऱ्याचा फोन. मग चौथ्याचा. एका मिनिटात चौघांना मेसेज गेला होता, तोच तो मजकूर: तुमची बारी आली आहे, सकाळी सात ते संध्याकाळी सहा.

मी तेजस्विनीला फोन लावला. तिनं तिकडे काही तरी उघडून पाहिलं.

"मामाजी, गुरुवारी सकाळपासून पान कोणी उघडलंच नाही. प्रोग्राम झोपलेला होता. आज तुम्ही उघडलं, तो उठला, आणि शुक्रवारपासूनची चार दिवसांची राहिलेली कामं त्यानं एका झपाट्यात करून टाकली."

"असं कसं? दीड साल तर बरोबर चाललं."

"हो. इथं नोंदी आहेत. रोज पहाटे पाच वाजून एकतीस मिनिटं. पाच पस्तीस. पाच अठ्ठावीस. रोज, मामाजी. एकच मोबाइल. बाकी कोणी कधी उघडतच नाही, तुम्ही सोमवारी तेवढे. दीड साल ही सगळी यंत्रणा एक माणूस चालवून राहिला होता. कोण आहे तो?"

मी सांगितलं नाही. मला आधी स्वतःला खात्री करायची होती.

आनंदराव त्या दिवशी दुपारी नागपूरहून परतले. दसऱ्याला ते आणि विमलाबाई दरसाल दीक्षाभूमीवर जात. आदल्या साली मोबाइल बरोबर नेला होता आणि गर्दीतून, सगळे मुक्कामाला पसरलेले असताना, पहाटे पान उघडून पाहिलं होतं. या वेळी जावयाकडे तीन दिवस जास्त राहिले आणि मोबाइल घरी कपाटात.

मी विचारलं, "का हो, या वेळी का नेला नाही?"

"कायले नेऊ? दीड साल पाहून राहिलो, एक चूक नाई. ना बारी चुकली, ना नाव चुकलं. जातानी मीच विमलाले म्हनलं, पोट्टीनं बरं काम केलं. आता पाहाची गरज नाई." मग माझा चेहरा पाहून, "काहून? काय झालं?"

मी सगळं सांगितलं. ते पान उघडत होते म्हणून प्रोग्राम उठत होता. ते चूक शोधायला बसत होते म्हणून चूक होत नव्हती. आणि ज्या दिवशी त्यांनी त्याला पास केलं त्या दिवशी तो बंद पडला. मला वाटलं होतं ते हसतील. किंवा फुशारतील, आणि तो त्यांचा हक्कच होता. आनंदराव बाजेवर बसून राहिले. विमलाबाईंनी पाणी आणलं, ते तसंच हातात.

"म्हंजे शकुनबाईचं पानी माह्यापायी गेलं," ते म्हणाले.

"तुमच्यामुळं नाही. घड्याळ मी घेतलं नाही."

"तेही खरं," ते म्हणाले. एवढ्या लवकर मान्य करतील असं मला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तुडुमावर चौघं हजर. प्रत्येकाच्या एका हातात फावडं, दुसऱ्यात मोबाइल. मी पहाटेच तेजस्विनीकडून पुढचे मेसेज थांबवून घेतले होते, नाही तर पाचवाही आला असता.

"माह्या मोबाइलवर आठ एकतीसले आला," सेवकराम सांगत होते. "तुह्यावर?"

"आठ एकतीस," शकुनबाई.

"मंग पयला कोन?"

"तुमी अध्यक्ष हा ना जी. तुमीच ठरवा."

"अध्यक्ष हाव म्हनूनच म्हनून राहिलो. माही बारी आज, तुही उद्या. एका दिवसानं काय धान मरते?"

"तुमचं नाई मरत. माहं मरते."

बाकीचे दोघं मोबाइल एकमेकांच्या नाकासमोर धरून उभे. तेवढ्यात मोटरसायकलच्या मागच्या सीटवरून आनंदराव आले. उतरायला त्यांना माझा खांदा लागला. तलावाकडे पाहिलं, काठावरच्या ओल्या रेघेकडे पाहिलं. दीड फूट पाणी उतरलं होतं.

"मोबाइल खिशात टाका," ते म्हणाले.

कोणी टाकला, कोणी नाही.

"अकराचं पानी होतं, आता सात-आठाचं राह्यलं. कमी पान्याच्या साली पयलं तोंड कोनाचं?"

"शेवटचं," शकुनबाई म्हणाली.

"तुले नाई विचारलं, बाई. तुले तं माईत राहीनच. सेवकरामजी, तुमी सांगा."

सेवकरामांनी तलावाकडे पाहिलं, मग आकाशाकडे, मग माझ्याकडे. मी चपलेतला खडा काढू लागलो.

"शेवटचं," ते अखेर म्हणाले, आणि मोबाइल खिशात गेला.

ठरलं. पण पाणी शेवटच्या तोंडापर्यंत न्यायचं तर वरची दहाही तोंडं बंद हवीत, आणि पाणी पुढं सरकेपर्यंत कोणी तरी नहरानं बरोबर चालायला हवं. नाही तर एखादं तोंड चुकून उघडतं. आनंदरावांनी स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि फावडं माझ्या हातात दिलं.

"चला, बाबूजी. तोंड सरकारी कागदावर लय बंद केले. आता मातीनं करा."

त्यांना मोटरसायकलवाल्यानं रस्त्यानं शेवटाकडे नेलं आणि मी नहरानं निघालो. पहिलं बंद केलं ते माझं. क्लार्कच्या हाताला चिखल लागत नाही; तीनदा लावला, तीनदा वाहून गेला. चौथ्यांदा धानाचा पेंढा कोंबला आणि वर माती दाबली. मग पुंडलिकरावांचं. ते बांधावर उभे राहून पाहत होते. मी विचारलं, "मदत करता का?" तर म्हणाले, "तुमचं बरं चाल्लं हाय."

मी बारा वर्षं त्या नहराच्या फाइली लिहिल्या होत्या. लांबी, तोंडं, दुरुस्तीचे अंदाज. पण पाण्याबरोबर चाललो तो त्या दिवशी. कोरड्या नहरात पाण्याचं टोक कसं पुढं जातं ते तेव्हा पाहिलं. सरळ वाहत येत नाही. थांबतं, भेगेत उतरतं, ती भरली की पुढच्या भेगेत. वाळलेली पानं, मुंग्या, कोळ्याचं जाळं, सगळं उचलून पुढं ढकलतं. मी चालत होतो त्याच वेगानं. एका ठिकाणी पाणी इतकं रेंगाळलं की मला वाटलं मुरलं सगळं, आणि मी स्वतःच "चल ना बाप्पा" असं मोठ्यानं म्हणालो. शेजारच्या बांधीतल्या बायका हसल्या. आनंदराव चाळीस वर्षं असंच चालले असतील, त्यांच्याबरोबर कोणी हसलं नसेल.

दोन वाजता पाणी शकुनबाईच्या तोंडाशी पोचलं. ती अनवाणी बांधावर उभी. पाणी पहिल्या बांधीत शिरलं तेव्हा तहानलेली जमीन करते तसा सुर्रकन आवाज झाला. तिनं खाली बसून एक लोंबी हातात घेतली, दाणा दाबला, त्यातून दूध आलं का ते पाहिलं आणि लोंबी सोडून दिली.

चार वाजेपर्यंत पहिली बांधी घोट्याइतकी भरली आणि दुसरीत पाणी उतरू लागलं. आनंदराव काठावर बसून पाहत होते. सवयीनं म्हणाले, "पुरे झालं, बाई. दुसऱ्या बांधीले ओल पोचली. आता तोंड बंद कर, उद्या सेवकरामजीकडे लवकर सोडतो."

"नाई," शकुनबाई म्हणाली.

"नाई म्हंजे?"

तिनं पदराच्या गाठीतून मोबाइल काढला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. "सकाळी सात ते संध्याकाळी सहा. लिवलं हाय. दोन घंटे बाकी हायेत माहे."

मी आनंदरावांचा चेहरा पाहत होतो. चाळीस वर्षांत त्यांच्या डोळ्यांच्या अंदाजाला कोणी वेळ दाखवली नव्हती. ते आधी चिडले, मग मोबाइल हातात घेऊन मेसेज पूर्ण वाचला, आणि मग त्यांच्या मिशीत काहीतरी हललं.

"पानी मोजकं हाय, बाई," ते म्हणाले. "तू आज दोन घंटे जास्त घेतले तं कोनाचे तरी कमी होतीन. शेवटी जो राहीन त्याचे." आणि माझ्याकडे वळले. "बाबूजी, अकरावे तुमी. तुमीच सांगा, काय करू?"

मी हिशेबाचा माणूस. दोन तास म्हणजे किती इंच, किती इंच म्हणजे माझ्या बांधीत किती पोती, हे माझ्या डोक्यात आपोआप आलं. माझ्या धानालाही दुधाचा आठवडा होता. मी म्हणणार होतो की नियम सगळ्यांना सारखा, दुसऱ्या बांधीला ओल पोचली आहे, संस्थेच्या हिताचा विचार करता. तोंड उघडलंही होतं.

"बाबूजीच्या बांधीत तं पानी दिसून राह्यलं होतं मले," शकुनबाई सहज म्हणाली, मोबाइल पदरात बांधत. "काल तुमच्याकडे येतानी. चार बोटं असन."

आनंदरावांनी माझ्याकडे पाहिलं. काही विचारलं नाही. त्यांनी कधीच विचारलं नाही, मरेपर्यंत.

"सहापर्यंत चालू द्या," मी म्हणालो.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. माझी बारी आली तेव्हा तलावात बेडकांपुरतं पाणी होतं आणि माझं निम्मं धान पोचट निघालं. पुंडलिकरावांचंही. सेवकरामांचं बरं आलं, आणि शकुनबाईचं त्या नहरावर सगळ्यात भरीव. डिसेंबरात कमिटीनं महागडी जागा पास केली, घड्याळासकट. या वेळी मी विनोद केला नाही. तेजस्विनीनं आनंदरावांना फोन करून सांगितलं की काका, आता तुम्ही पान नाही उघडलं तरी चालेल. ते "हाव, हाव" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी साडेपाचला बाजेवर बसले. पुढची चार सालं बसत होते. आता ती बाजही नाही, नहरही पाइपात गेला. पाणी कधी सुटतं ते कोणाला कळतही नाही, आणि भांडायला निमित्त नाही म्हणून लोकं एकमेकांच्या बांधावर जात नाहीत.

पण त्या संध्याकाळी आम्ही तिघं सहापर्यंत बसलो होतो. आनंदराव बांधावर पाय लांब करून, मी चिखलाचे हात पुसत, आणि शकुनबाई दुसऱ्या बांधीच्या कडेला धुऱ्यावर, पाणी कुठवर आलं ते पाहत. बगळे आले. पाणी आल्याचं त्यांना कोण मेसेज पाठवतं कोण जाणे, असं आनंदराव म्हणाले. त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली, की एका सालात पाणी इतकं कमी होतं की त्यांनी बारी तासावर न देता बिडीवर दिली होती. एक बिडी विझेपर्यंत एकाचं तोंड उघडं. आणि लोकांनी लांब बिड्या वळायला सुरुवात केली. शकुनबाई इतकी हसली की धुऱ्यावरून तिचा पाय सटकला.

उजेड तांबूस झाला. दुसऱ्या बांधीच्या पार त्या टोकाच्या ओळीला पाणी लागलं. शकुनबाई उठली, मोबाइल काढून वेळ पाहिली, आणि फावडं न घेता पायानंच माती ओढून आपलं तोंड बंद केलं. वर दोन्ही हातांनी थोपटलं.

आनंदरावांनी घड्याळ पाहिलं. "दोन मिन्टं हायेत अजून, बाई. तुहे हायेत ते. घे."

"राहू द्या, आनंदभाऊ," ती म्हणाली आणि चिखलाचा हात त्यांच्यापुढं केला. "तुमाले उठाले लागतीन."

एक हात तिनं धरला, एक मी. लागली तेवढीच.